हडळीचं वय किती?

तीन वर्षांपूर्वी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत लेखनाची कार्यशाळा घ्यायला गेले होते. नववीचा वर्ग, भर पावसाचे दिवस, वीज गेलेली, आणि खिडकीबाहेर फणसाच्या पानांवरून एकसारखं पाणी ठिबकत होतं. मी फळ्यावर 'भुताची गोष्ट' एवढंच लिहिलं आणि मुलांना तासभर दिला. वह्या गोळा केल्या तेव्हा त्यांत व्हॅम्पायर होते, झॉम्बी होते. एका मुलाने विरार लोकलमध्ये झॉम्बी चढवले होते आणि ती गर्दी मोठ्या ताकदीने उभी केली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हडळ लिहायला घेतली होती, पण गोष्ट चौथ्या ओळीवर थांबली होती. का थांबलीस म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "बाई, हडळीचं वय किती असतं तेच कळेना. म्हातारी दाखवू की माझ्याएवढी?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं आजोळ मालवणकडचं. हडळ मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. केस मोकळे सोडून अंगणात गेलं की आजी ओरडायची, "गो, तिनसांजेक अशी भायर उभी रव नको." हडळ पुढून भरल्या अंगाची आणि पाठीमागून नुसता सापळा, नेसलेली हिरवं लुगडं, हे सगळं मला पाठ होतं. तिला वय असेल, नाव असेल, आईबाप असतील, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या हातातला हा संग्रह त्या मुलीच्या प्रश्नातून निघाला आहे. म्हणून या प्रस्तावनेत मला आधी तिला उत्तर द्यायचं आहे.

बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत जी बाई जाते तिची हडळ होते, अशी समजूत कोकणात सगळीकडे सांगतात. ही समजूत ज्या काळात घट्ट झाली त्या काळात कितीतरी घरांत मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत आणि पहिलं बाळंतपण चौदाव्या-पंधराव्या वर्षी. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा त्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारावर नेलं, आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढं वादळ उठलं होतं! हिशेब सरळ आहे. त्या काळातल्या कितीतरी हडळी चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या. मागच्या बाकावरच्या त्या मुलीएवढ्याच.

तिचं ते हिरवं लुगडंही आता मला वेगळं दिसतं. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात आणि मग उचलतात. म्हणजे गोष्टीतली हडळ तिरडीवर जशी निघाली तशीच परत आली आहे. ज्यांनी तिला नेसवलं, त्याच बायकांनी पुढे आपल्या नातींना तिची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत भीती होतीच, पण त्या पोरीला विसरायचं नाही हा हट्टही होता, असं मला वाटतं.

आणि ते दहा दिवस! सुवेर दहा दिवसांचं. पाचवीची पूजा, सटवाईची रात्र, बाळंतिणीच्या उशाशी कोयता किंवा अडकित्ता, दाराशी धगधगती शेगडी, तिला क्षणभरही एकटी सोडायचं नाही. हे सगळं भुताखेतांच्या भीतीने करायचे. प्रसूतीनंतर गर्भाशयाला जंतूंचा संसर्ग होऊन येणारा ताप बहुधा याच दहा दिवसांत येतो. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने सोबतच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि या तापाने होणारे मृत्यू झपाट्याने खाली आले. आपल्या सुइणींना जंतू ठाऊक नव्हते. धोका कुठल्या दिवशी दारात उभा राहतो हे मात्र त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्यांनी त्या धोक्याला नाव दिलं.

याच काळात कल्याणच्या एका मुलीचं नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली आणि तिचं मूल दहा दिवसांत गेलं. ती स्वतः वाचली. त्या बाळंतपणात ती दगावली असती तर तिच्याही नावाची एखादी हडळ कुठल्या तरी विहिरीवर बसली असती. ती वाचली, समुद्रापलीकडे फिलाडेल्फियाला गेली आणि 1886 मध्ये डॉक्टर झाली. हिंदू स्त्रियांचं प्रसूतिशास्त्र हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. आनंदीबाई जोशींची ही हकीकत तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेली असेल. आता ती हडळीच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचा. दोघी एकाच अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीतून निघालेल्या आहेत.

मुंजाचंही तसंच. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. मुंज आठव्या वर्षी होते, म्हणजे हा आठ-दहा-बारा वर्षांचा पोर. खेळायच्या वयात लंगोटी लावून संध्या पाठ करायला बसवलेला. तो पारावरून जाणाऱ्यांना खडे मारतो, झाड हलवतो, त्रास देतो. राहून गेलेलं खेळणं दुसरं कसं भरून काढणार? आपण त्याला घाबरलो आणि त्याला शेंदूरही लावला. पुण्याच्या पेठांत मुंजाबाचा बोळ आहे, तिथून रोज हजारो माणसं जातात. एका लहान मुलाचं अकाली मरण तिथे रस्त्याचं नाव होऊन बसलं आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या मनात येत असेल?

लावसट म्हणजे विधवेचं भूत. जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना गेलेली, संसारात जीव अडकलेली बाई. गिऱ्हा बुडून मेलेला, तो पाण्याच्या कडेला असतो आणि रात्री वाटसराला ओळखीच्या आवाजात हाक मारतो. आमच्याकडे असं सांगत की गिऱ्ह्याचा केस ज्याच्या हाती लागला त्याच्या घरी तो गड्यासारखा राबतो, आणि केस परत मिळाला की घर उद्ध्वस्त करून जातो. वेठीला धरलेल्या माणसाच्या संतापाची याहून चांगली गोष्ट मला ठाऊक नाही. हैती बेटावरच्या झॉम्बीचं मूळही असंच आहे. तिथल्या गुलामांना झॉम्बी आपल्याला खाईल ही भीती नव्हतीच. मेल्यावरही आपल्याला उठवून मळ्यावर राबवतील, मरणानेही सुटका होणार नाही, याची त्यांना भीती होती. विरार लोकलमध्ये झॉम्बी चढवणाऱ्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने गोष्टीचा शेवट बदलला.

ही सगळी माहिती आपल्याला कागदावर मिळाली त्याची हकीकत फार विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने लोकसमजुतींची प्रश्नावली काढली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे गेली. तुमच्या गावात कोणती भुतं मानतात, ती कुठे राहतात, त्यांना काय देतात? मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, लोक त्याला पंडित म्हणत. तो नाशिकचा कलेक्टर होता आणि त्याच्याच कारकिर्दीत क्रांतिकारक बाबाराव सावरकरांवर खटला भरला गेला. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्याने त्याला गोळ्या घातल्या. 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत फासावर गेला. जॅक्सनच्या मागे राहिलेले ते कागद आर. ई. एन्थोवेन याने लावून घेतले आणि कोकणचा खंड 1915 मध्ये छापून निघाला. मुंजा, हडळ, लावसट, गिऱ्हा, देवचार, झोटिंग, सगळे त्यात आहेत. खाली टिपा आहेत, पण मास्तरांचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. शाळामास्तर आणि गाव, एवढंच.

त्या रात्री विजयानंदमध्ये कोणतं नाटक चाललं होतं, माहीत आहे? देवलांचं 'संगीत शारदा'. कोवळ्या मुलीला पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाचं नाटक. रंगमंचावर ती मुलगी, प्रेक्षागृहात पिस्तूल घेऊन बसलेला तो मुलगा, आणि ज्याच्या कागदांत अशाच मुलीमुलांची भुतं नोंदलेली आहेत तो अधिकारी, तिघंही एका छपराखाली होती. मी ही तारीख वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता साहित्याकडे येते. मराठीत भयकथा मोठ्या योग्यतेच्या लेखकांनी लिहिली आहे. नारायण धारप (1925–2008) यांनी आमच्या पिढीला वाचनालयाच्या दारात रांगेत उभं केलं. स्टीफन किंगच्या व्हॅम्पायरच्या कादंबरीवर बेतलेली त्यांची 'लुचाई' वाचून मी आठवडाभर खिडकी लावून झोपत होते. परकं भूत आपल्या गावात कसं नांदवायचं, कुठल्या वाड्यात, कुठल्या माणसांत, हे धारपांकडून शिकावं. रत्नाकर मतकरींची (1938–2020) वाट निराळी. त्यांची भीती चाळीतल्या, ब्लॉकमधल्या साध्या घरात चहाच्या कपाशेजारी येऊन बसते. त्याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिली. चेटकीण आणि राक्षस मुलांना हसवत घाबरवत रंगमंचावर आणले. मोठ्यांसाठी गूढकथा आणि लहानांसाठी बालनाट्य, दोन्ही कपाटं त्यांनी भरली. मधलं कपाट मराठीत रिकामंच राहिलं आहे. बारा ते अठरा वयाच्या वाचकाला आपण 'चांदोबा'तल्या विक्रम-वेताळावरून एकदम 'लुचाई'वर उडी मारायला सांगतो. ज्याला ती उडी जमत नाही तो इंग्रजीकडे जातो, आणि ज्याला इंग्रजीही नीट येत नाही तो वाचणंच सोडतो. हे नुकसान मी वर्गावर्गांत पाहिलं आहे.

भूक नाही असं कुणी म्हणू नये. 2018 मध्ये 'तुंबाड' आला आणि 2024 मध्ये 'मुंज्या'. दोन्ही चित्रपट हिंदी, दोन्हींची माती कोकणची. 'मुंज्या' पाहून आलेली मुलं मला विचारत होती, याचं पुस्तक आहे का? माझ्याकडे त्यांच्या हातात ठेवायला पुस्तक नव्हतं.

आणि भुताच्या गोष्टी लहान मुलांसाठी नसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी मेरी शेलीचं वय आठवावं. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी तिने 'फ्रँकेनस्टाइन' लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. तिला जन्म देऊन तिची आई अकराव्या दिवशी त्याच तापाने गेली होती, ज्याने आपल्याकडे हडळी झाल्या. मेरीचं पहिलं मूलही काही दिवसांतच गेलं होतं. मेलेल्याला पुन्हा उठवता येईल का, हा प्रश्न तिला कुठल्या पुस्तकातून मिळालेला नव्हता.

या संग्रहाची कल्पना मांडली तेव्हा एक आक्षेप सगळ्यांत आधी आला, आणि तो माझ्या जिव्हाळ्याच्या माणसांकडून आला. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, त्या राज्यात तुम्ही मुलांच्या हाती भुतं देणार? हा प्रश्न मी झटकून टाकलेला नाही. तो मला आतून ठाऊक आहे. आमच्या वाडीत एक सून बाळंतपणानंतर आठव्या दिवशी बरळायला लागली. बाळाला जवळ घेईना, कुणाला ओळखेना. हिला हडळीने धरलं, असं ठरलं. मांत्रिक आला. मी सहा-सात वर्षांची होते. दाराच्या फटीतून आम्ही पोरं पाहत होतो. विस्तवावर मिरच्या टाकल्या, दार लावून घेतलं, आणि आतून जो खोकल्याचा आवाज यायला लागला तो माझ्या कानांतून अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाने तिला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. ती बरी झाली. आज तिला नातवंडं आहेत आणि तिच्या परवानगीनेच मी हे लिहिते आहे.

त्या दिवशी बंद दाराआड कोंडलेली हडळ नव्हती, आजारी बाई होती. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्येच महाराष्ट्रात जो कायदा झाला त्याच्या अनुसूचीत पहिलंच कृत्य हे आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. हे गुन्हे आहेत. तुमच्या आसपास असं घडताना दिसलं तर पोलिसांना कळवायचं, यात संकोच करायचा नाही.

पण गोष्टीचं काय? मला वाटतं, माणसाच्या अंगात भूत आहे म्हणणारा त्या माणसाचं ऐकणं बंद करतो. गोष्टीतलं भूत आपल्याला ऐकायला लावतं. म्हणून या संग्रहातल्या बाराही लेखकांना मी एकच अट घातली होती. गोष्टीतला गुंता मांत्रिकाच्या हातून सुटता कामा नये. जे भूत येईल ते कोण होतं, कसं गेलं, कुणामुळे गेलं, हे गोष्टीतल्या मुलामुलींनी शोधून काढलं पाहिजे. एका लेखकाने या अटीपायी आपली कथा तीनदा लिहिली. ती या पुस्तकातली सर्वांत भीतिदायक कथा झाली आहे, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला जड गेली. आपली भुतं जातीने वाटलेली आहेत. ब्राह्मणाचा समंध वरच्या पायरीवर, आणि ज्यांना जिवंतपणी गावाबाहेर ठेवलं त्यांची भुतं मेल्यावरही अधिक क्रूर, अधिक घाणेरडी म्हणून रंगवलेली. आम्ही ही वाटणी पुसून टाकली नाही. ती दिसू दिली आहे आणि तीन कथांत तिच्याशी उघड भांडण केलं आहे. हडळ हा शब्द आजही मुलीला शिवी म्हणून वापरतात. केस मोकळे सोडले, मोठ्याने हसली, उलट उत्तर दिलं की ती हडळ. बाळंतपणात मेलेल्या एका पोरीचं नाव दुसऱ्या पोरीला गप्प करायला वापरायचं, याइतका दुष्टपणा कुठल्या भुतानेही केलेला मला माहीत नाही.

सगळीच भुतं दुःखी आहेत असं मात्र समजू नका. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. भुतांचा राजा तिथे गावाचा राखणदार झाला आहे. लोक त्याला हातभर लांबीच्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री तो गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात, असं मानतात. लहानपणी मी त्या चपलांच्या तळव्यांना बोट लावून पाहिलं होतं. भीती आणि आधार इतके जवळजवळ मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. या संग्रहातली शेवटची कथा त्या चपलांवर आहे.

हे पुस्तक रात्री वाचा, जमल्यास मोठ्याने, भावंडांना जवळ घेऊन. भीती वाटली तर वाटू द्या. आणि वाचून झालं की एक वही घ्या. तुमच्या गावात, वाडीत, सोसायटी उभी राहण्याआधी तिथे असलेल्या शेतात कुठलं भूत सांगत, ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. जॅक्सनच्या मास्तरांनी उत्तरं लिहिली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. त्यानंतर आपल्या गावांतल्या किती आज्ज्यांबरोबर ही माहिती गेली असेल! भुताचं नाव लिहा, झाड किंवा विहीर लिहा, सांगणाऱ्याचं नावही लिहा, कारण त्या मास्तरांची नावं राहून गेली. आणि वय विचारायला विसरू नका.